बांधाखालची दहा रोपं

बी जिवंत आहे की मेलेलं, हे सांगण्याचा मला पगार मिळतो. न्यूझीलंडच्या पामर्स्टन नॉर्थमधल्या एका संशोधन संस्थेत गेली बावीस-तेवीस वर्षं मी बियाणं तपासतो आहे. ऑकलंडला आपल्या मंडळींचा काही कार्यक्रम असला आणि कुणी विचारलं की तुम्ही कुठल्या कंपनीत, तर मी सांगतो, बिया मोजतो. त्यानंतर गप्पा साधारण हवामानाकडे वळतात.

काम खरोखर एवढंच आहे. पाकीट येतं. पांढऱ्या कागदावर बी पसरायचं, चिमट्याने कचरा आणि परकं बी बाजूला काढायचं. मग शंभर-शंभर बिया ओल्या कागदावर मांडून ठेवायच्या आणि ठरलेल्या दिवशी किती उगवल्या ते पाहायचं. काही बियांचं कवच मात्र इतकं टणक असतं की त्या पाणीच पीत नाहीत. महिनाभर भिजत ठेवा, तशाच कोरड्या. अशा बीला नेलकटरने बारीक टवका काढावा लागतो. आमच्या प्रयोगशाळेच्या खणात दहा-बारा नेलकटर पडलेले असतात. नवीन आलेला माणूस ते पाहून आधी नाक मुरडतो आणि आठवड्याने स्वतःचा आवडता नेलकटर लपवून ठेवायला लागतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक म्हातारा शेतकरी आजोबांच्या काळातली क्लोव्हर या चाऱ्याच्या बियांची बरणी घेऊन आला होता, माळ्यावर सापडलेली. त्यातल्या सात उगवल्या. त्याने त्या सात रोपांचा फोटो काढून घेतला. आपल्या लोकांचे फोन वेगळ्या कारणासाठी येतात. ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागातल्या एका काकांना विमानतळावर अडवलं होतं. त्यांनी मोज्याच्या गुंडाळीत शेवग्याच्या बिया आणल्या होत्या. "साहेब, तुम्ही त्याच लाइनीतले ना? जरा शब्द टाका," ते म्हणाले. माझा विमानतळाशी काडीचा संबंध नाही, हे सांगून मी थांबायला हवं होतं. त्याऐवजी मी त्यांना पंधरा मिनिटं झापलं. हा देश बेटांचा आहे, एक बी आत आलं तर डोंगरच्या डोंगर जातात, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसांनी तरी, वगैरे. माझं संपल्यावर काका हळूच म्हणाले, "एवढं चिडायला काय झालं? शेवगाच होता हो."

फोन ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी त्यांच्यावर चिडलोच नव्हतो. ज्याच्यावर चिडलो होतो त्याची गोष्ट आज लिहितो आहे. गेल्या वर्षापर्यंत ती मला लिहिता आली नसती.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, कातळाच्या उघड्या माळाला, म्हणजे सड्याला, लागून. माझे वडील सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत मजूर होते, आधी रोजंदारीवर, मग कायम. त्या काळी उघड्या सड्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावायचा धडाका होता. आमच्याकडे तिला आकेशिया म्हणतात. कोयत्यासारखी वाकडी पानं, पिवळी तुरेदार फुलं, कानासारख्या मुरडलेल्या शेंगा, आणि शेंग फुटली की नारिंगी दोऱ्याला लोंबणारं काळं बी. कातळावर, मुरमात, कुठेही वाढते आणि चार-पाच वर्षांत जळण देते. त्या बीचं कवच फोडायची युक्ती मी कॉलेजात शिकलो नाही. आंघोळीचं पाणी तापलं की आई त्यातलं उकळतं पाणी घमेल्यातल्या बियांवर ओतायची आणि वडील दुसऱ्या दिवशी फुगलेल्या बिया काळ्या पिशव्यांत टोचायला घेऊन जायचे. आमच्या सबंध वस्तीत सरकारी नोकरीचा पगार आमच्याच घरी यायचा. माझी फी, माझी पुस्तकं, पुढे कृषी महाविद्यालयातलं वसतिगृह, सगळं त्या झाडाने केलं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सड्यावर मोठा वणवा लागला. श्रावणात घरी गेलो तेव्हा जळलेल्या जागी आकेशियाची रोपं गवतासारखी उठलेली. लागवडीच्या कितीतरी बाहेर, करवंदीच्या जाळ्यांमधून खाली उतरत ती पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठापर्यंत पोचली होती. आगीची धग लागली की टणक बियांचं कवच तडकतं. आईच्या उकळत्या पाण्याने जे व्हायचं तेच. वर्षानुवर्षं मातीत पडून राहिलेलं बी एकदम जागं झालं होतं. मी वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, "आपल्याला रोपं वाढवायला ठेवलंय, उपटायला नाय."

पुढे मी न्यूझीलंडला आलो आणि या संस्थेत लागलो. पहिल्याच वर्षी पॅसिफिकमधल्या एका उष्ण बेटावरून मागणी आली. बेटाचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या डोंगराच्या माथ्यावर एके काळी अननसाची शेती होती. ती बंद पडली, माती वाहून गेली आणि लाल उघडा माळ राहिला. बायकांना जळणासाठी फार लांब जावं लागायचं. लवकर वाढणारं झाड हवं होतं, आणि यादीत पहिलं नाव आकेशियाचं होतं. कुठलंही परकं झाड बेटावर पाठवण्याआधी एक प्रश्नावली भरायची असते. हे झाड उद्या रानटी होऊन डोक्यावर बसेल का, हे ठरवायला. माझा वरिष्ठ ग्रॅहम याने ती मला भरायला दिली.

मी जीव ओतून भरली. प्रत्येक प्रश्नाला संदर्भांसकट सविस्तर उत्तर. त्यात एक प्रश्न होता: हे झाड लावलेल्या जागेबाहेर आपोआप पसरल्याचं कुठे आढळलं आहे का? उत्तरं तीन. हो, नाही, माहीत नाही.

ग्रॅहम पलीकडच्या टेबलावरून म्हणाला, "तुझ्या भागात आहे ना हे झाड? पसरतं का तिकडे?"

"मी लागवडीतच पाहिलंय," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. मी 'माहीत नाही'वर खूण केली.

तेव्हा माझ्याकडे कारणं होती. मी पाहिलं होतं, पण छापून कुठे आलेलं माझ्या हाती नव्हतं. नोकरी नवी होती. बायकांची जळणासाठीची पायपीट खरी होती आणि ती मी लहानपणी जवळून पाहिली होती. यातलं एकही कारण खोटं नाही. पण खरं कारण यात नाही. वडिलांनी आयुष्यभर जे वाढवलं ते वाईट आहे, असं परदेशातल्या एका कागदावर माझ्या अक्षरात लिहायला माझा हात उठला नाही. तो कागद त्यांना कधी दिसणार नव्हता, आणि दिसला असता तरी वाचता आला नसता. तरीही नाही उठला.

बी पाठवायचं ठरलं. ते तपासलंही मीच. उत्तम उगवण होती. पाकिटासोबत गरम पाण्याची कृती मी स्वतः लिहून दिली, आईची.

नंतरच्या वर्षांत अशा बाभळींबद्दल वाचत गेलो. कुठल्या बेटावर ती मूळच्या जंगलात घुसली, कुठे पाखरांनी त्या नारिंगी दोऱ्याच्या लोभाने बी लांबवर नेलं. बेट लहान असतं. तिथल्या झाडांनी असा उपटसुंभ पाहुणा कधी पाहिलेला नसतो, आणि मागे सरकायला जागाही नसते. दर वेळी वाचून झालं की मी ते पान बंद करायचो. एक पत्र टाकून विचारता आलं असतं, तुमच्याकडे कसं आहे म्हणून. ते मी वीस वर्षं टाकलं नाही. प्रश्नावलीवरची खूण एका क्षणात झाली होती, तिला भीती म्हणा, माया म्हणा. या वीस वर्षांना काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

गेल्या वर्षी त्या बेटाच्या शेती खात्याकडून ईमेल आली. माथ्यावर आग लागली होती आणि आता तिथे रोपं गवतासारखी उठली होती. अगदी हेच शब्द होते. मातीत किती बी दडलेलं आहे आणि ते खाली दरीत उतरलंय का, हे पाहायला कुणी येईल का, असं त्यांनी विचारलं होतं. ग्रॅहम कधीच निवृत्त झाला होता. मी जातो म्हणालो.

जेवताना घरी सांगितलं. माझी मुलगी सुजाता इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यू न्यू, बाबा?"

मी हो म्हणालो. मला माहीत होतं. तिने आमटीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

बेटावरच्या विमानतळावर एका तरुणीने माझे बूट उलटे करून तळव्यातल्या खाचा तपासल्या. मी ते आदल्या दिवशी ब्रशने घासून आणले होते. "व्हेरी क्लीन," ती म्हणाली, आणि मला कसंनुसं झालं. बाहेर आलो आणि समोर माथा दिसला. अर्धा काळा जळका, अर्धा गर्द हिरवा. वाकड्या पानांचा तो हिरवा रंग मी कुठेही ओळखेन. विमान चुकून रत्नागिरीत उतरलं की काय, असं वाटलं.

माझी सोय मामा मेरे यांच्याकडे होती. तिकडे वयस्क बाईला मानाने मामा म्हणतात. आपल्या मामांनी रागावू नये. मेरेबाई त्या उतारावरच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर रोज ताज्या फुलांचा मुकुट आणि हातात मोठी काठी. ती चालण्यासाठी नव्हती, दिशा दाखवण्यासाठी होती. शाळेचा व्हरांडा त्यांनी मला काम करायला दिला आणि स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसल्या. आपण बियाणं तपासतो आणि कुणीतरी आपल्याला तपासतं आहे, असं मला पहिल्या तासापासून वाटत होतं.

जागा अशी होती. वर माथा, लाल मातीचा. त्याखाली शाळा. शाळेला लागून जुन्या दगडांचा एक कमरेएवढा बांध, डोंगराच्या कुशीतून लांबवर गेलेला. बांधाखाली दरी, काळ्या मातीची. तिथे गावाला पाणी देणारा झरा, भोवती मूळचं जंगल आणि त्याखाली अळूसारख्या पानांच्या तारोची खाचरं. त्याचे कंद हे तिथलं रोजचं जेवण. माथ्यावरचं संकट नजरेसमोर होतं, त्याला कुऱ्हाड होती. पण दरीच्या मातीत बी मुरलं असेल तर इलाज नव्हता. ते कित्येक वर्षं गप्प पडून राहतं. झाडं तोडा, आग लावा, जमीन खणा, तुम्ही जे कराल त्याने ते जागंच होतं. मग झरा, जंगल आणि खाचरं एकेक करून त्याच्या घशात. हे सगळं माझ्या एका खुणेमुळे झालं आहे का, ते मला चाळणीत दिसणार होतं.

माती वीतभर खोल खणून पोत्यांत भरली, पोत्यांवर आकडे घातले आणि चाळायला बसलो. आधी माथ्याची. पाण्याने माती निघून गेली की चाळणीत काळं चकचकीत बी उरायचं, तिळापेक्षा थोडं मोठं, चपटं. एका पोत्यातून वाटीभर निघालं. दुसऱ्यातून त्याहून जास्त. मामा मेरे वाकून पाहायच्या आणि परत टेकून बसायच्या.

दुसऱ्या दिवशी दरीची पोती घेतली. पहिल्यात काही नाही. खडे, मुळ्या, एक गोगलगाय. मला वाटलं, चाळणी मोठ्या भोकांची आली. बदलली. दुसऱ्यात काही नाही. तिसऱ्यात नाही. शेवटी झऱ्याजवळचं पोतं घेतलं. त्यातही नाही. सगळी पोती संपली तेव्हा माझ्या बशीत तीन बिया होत्या, आणि नेलकटरने कापल्यावर त्यातली एक आतून पोकळ निघाली.

मी पायरीवर बसलो. आनंद व्हायला हवा होता, पण माझा विश्वास बसेना. वर एवढा साठा, मध्ये फक्त एक बांध, खाली उतार, वर पाखरं आणि पाऊस. हे शक्य नव्हतं. मी तसं म्हणालो.

मामा मेरे म्हणाल्या, "आमची मुलं वेळ पाळत नाहीत. त्याची कृपा."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. झाडं लावल्यावर तिसऱ्या वर्षी त्यांच्या तारोच्या खाचरात वाकड्या पानाचं एक रोप उगवलं. त्या दिवसापासून त्यांनी शाळेत नियम केला. घंटा झाल्यावर येणाऱ्याने बांधाच्या खालची दहा रोपं मुळासकट उपटून आणायची, दाखवायची, मगच वर्गात बसायचं. त्या बेटावर वेळेवर येणं थोडं उद्धटपणाचंच समजत असावेत, कारण उशिरा येणाऱ्यांची कधी वाण पडली नाही. काही महिन्यांत शाळेजवळची रोपं संपली. मग दहा शोधायला आणखी खाली जावं लागायचं, त्यात आणखी उशीर व्हायचा, आणि असं करत मुलांनी झऱ्यापर्यंतचा सगळा उतार विंचरून काढला. काही हुशार पोरं बांधावरून वर उडी मारून माथ्यावरची रोपं आणायची. मामा मेरे मुळं पाहायच्या. लाल माती दिसली की पुन्हा दहा. पुढे चर्चनेही प्रार्थनेला उशिरा येणाऱ्या मोठ्यांना हाच नियम लावला. त्या शाळेत शिकलेल्यांची मुलं आता शाळेत आहेत, आणि नियम अजून आहे.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं, की हे झाड पसरतं?" मी विचारलं.

"तू," त्या म्हणाल्या.

त्या उठल्या आणि आतल्या कपाटातून एक फाइल घेऊन आल्या. माथ्याची जमीन शाळेच्या ताब्यात होती, म्हणून कागदांची एक प्रत त्या वेळी शाळेला आली होती. माझी प्रश्नावली. कडा पिवळ्या पडलेल्या, माझं तेव्हाचं नीटस अक्षर. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि पान उलटलं. त्या एका प्रश्नाशेजारी लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेलं होतं.

"बघ," त्या म्हणाल्या. "हे झाड किती पाऊस सोसतं, यावर अर्धं पान लिहिलंयस. लाकूड किती वेळ जळतं, यावर अर्धं पान. पाखरं बी खातात का, तेही. आणि पसरतं का, तर माहीत नाही. दोन शब्द. मी चाळीस वर्षं मुलांना प्रश्न विचारले आहेत. ज्याला खरंच माहीत नसतं तो काहीतरी रेटून लिहितो. जमिनीकडे बघून माहीत नाही म्हणतो, त्याला माहीत असतं."

मी तेव्हाही जमिनीकडेच बघत होतो. मग मी सगळं सांगितलं. वडील, रोपवाटिका, वणवा, ग्रॅहमचा प्रश्न, वीस वर्षं न टाकलेलं पत्र. इंग्रजीत सांगताना शब्द कमी पडत होते, पण बाई घाईत नव्हत्या. माझं झाल्यावर त्यांनी वडिलांची चौकशी केली. मी सांगितलं, ऐंशीच्या पुढे आहेत, गावी असतात, अजून अंगणात रोपं लावतात. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "माथ्यावरच्या लाकडावर आमच्या घरांत इतकी वर्षं जेवण शिजतंय. हेही त्यांना सांग."

मग त्यांनी व्हरांड्यात टांगलेल्या घंटेकडे पाहिलं. "किती उशीर झालाय तुला?"

"वीस वर्षं," मी म्हणालो.

"मग दहा. काळ्या मातीतली."

अहवाल मी नंतर लिहिला. माथ्याची झाडं एकदम न तोडता कशी कमी करत न्यायची, आगीपासून कशी जपायची, याची पानंच्या पानं त्यात आहेत. त्या कामाला वर्षं लागतील आणि ते सोपं नाही. जुन्या प्रश्नावलीतलं उत्तरही मी कार्यालयात रीतसर बदलून घेतलं आणि 'हो'च्या पुढे गावाचं नाव घालून पाहिलेलं लिहिलं. वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बरं केलंस. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

पण त्या दुपारी मी बांध ओलांडून खाली उतरलो. पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघ्यांची तक्रार असलेला, झुडपांतून वाकून एकेक पान पाहत. तासाभरात चार मिळाली. मग झऱ्याच्या वरच्या अंगाला आणखी दोन आणि एका खडकाच्या आडोशाला एक. ओली माती होती, मुळं पूर्ण यायची. नंतर काहीच मिळेना. मी झऱ्याला वळसा घातला, खाचरांचे बांध फिरलो, पुन्हा वर चढलो, पुन्हा उतरलो. नेचे होते, तिथलीच कसली कसली झाडं होती, वाकडं पान कुठेही नव्हतं. असं न सापडण्याचं सुख मला आयुष्यात कधी झालं नव्हतं. मी शोधत होतो आणि मोठ्याने हसत होतो. खाचरातल्या एका बाईने मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "लेट?" मी हो म्हणालो. तिने समजूतदारपणे मान हलवली आणि कामाला लागली.

उन्हं उतरल्यावर शाळेत परतलो. मामा मेरे दारात उभ्या होत्या. मी रोपं पुढे केली. त्यांनी एकेकाचं मूळ उलटं करून माती पाहिली.

"सात," त्या म्हणाल्या.

"आणखी नाहीत, मामा मेरे. खूप शोधलं. सापडत नाहीत."

त्यांनी माझ्या चिखलाने भरलेल्या हातांकडे पाहिलं आणि दारातून बाजूला झाल्या.

"बरं. आत ये, बस."

मी बुटांची काळी माती पायरीवर झटकली आणि वर्गात गेलो.